स्ट्रायकर होतो, आता कोच व्हायचंय

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत): वय तेहतीस. सोलापुरात वाढलो, शाळेपासून फुटबॉलमध्ये फॉरवर्ड, म्हणजे गोल करायच्या जागेवर, खेळलो. एकोणिसाव्या वर्षी पुण्याला गेलो, मग मुंबई, मग एक हंगाम गोवा. करार कधी दहा महिन्यांचा, कधी पाचच महिन्यांचा. दोन क्लब तर मी खेळत असतानाच बंद पडले. मागच्या वर्षी उजव्या गुडघ्याचं लिगामेंट दुसऱ्यांदा फाटलं आणि डॉक्टरांनी व्यावसायिक खेळ थांबवायला सांगितलं. आता घरी आहे. पत्नी खासगी रुग्णालयात नर्स आहे, तिच्या पगारावर घर चालतं. मुलगी पाच वर्षांची. वडिलांचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. ते म्हणतात, ‘बॉलमागं पळून झालं असंल तर आता मागाकडं बघ.’ एका शाळेने मानधनावर फुटबॉल शिकवायला बोलावलंय, पण मुलं चौदा वर्षांखालची आणि पैसे किरकोळ. पुण्यातली एक अकादमी सहायक प्रशिक्षक म्हणून घ्यायला तयार आहे. मेहुणे म्हणतात, तुमच्या नावाने सोलापुरातच टर्फवर अकादमी काढू, भांडवल माझं. उन्हाळ्यात एका शिबिरात शिकवून पाहिलं, तर मुलांना काही केल्या कळेना. मी करून दाखवायचो, ती नुसती बघत राहायची. शेवटी ओरडलो. दोन मुलं दुसऱ्या दिवशी आलीच नाहीत. इतके गोल केलेल्या माणसाने बारा वर्षांच्या पोरांपासून सुरुवात करायची का? आणि सोलापुरात फुटबॉलला भविष्य तरी आहे का? महिनाअखेरीस सगळ्यांना उत्तर द्यायचंय.

नमस्कार,

वेगवेगळ्या प्रस्तावांवर तुम्ही जवळजवळ दोन पानं लिहिलीत आणि शिबिरातला प्रसंग चार ओळींत उरकलात. मला तुमच्या प्रश्नाचं मूळ त्या चार ओळींतच दिसतं. म्हणून पैसे, पुणे, टर्फ हे सगळं घटकाभर बाजूला ठेवू.

तुम्ही मुलांना काय दाखवलं असेल याचा अंदाज करता येतो. बाजूने क्रॉस, म्हणजे मैदानाच्या कडेने गोलसमोर मारलेला बॉल, आला, तुम्ही धावलात, पहिल्याच टचला बॉल जाळ्यात. मुलांनी टाळ्याही वाजवल्या असतील. मग तुम्ही म्हणालात, ‘आता तुम्ही करा.’ जमणार कसं? त्यांनी पाहिली ती शेवटची किक. खरं काम त्याच्या आधीच उरकलेलं असतं. क्रॉस येताना बचावपटूची मान बॉलकडे वळते. तेवढ्या वेळात त्याला स्वतःच्या पाठीमागचा माणूस दिसत नाही, आणि तुम्ही नेमके तेव्हाच त्याच्या खांद्याआडून जवळच्या पोस्टकडे दोन पावलं टाकता. गोलरक्षक कुठे उभा आहे ते आधीच बघून ठेवलेलं असतं. ऑफसाइडची रेषा डोळ्याच्या कोपऱ्यात असते. इतकी वर्षं हे करत आल्यावर त्यातलं काहीच तुमच्या मनात शब्दांनी येत नाही. स्ट्रायकरला ते शब्दांनी यायची गरजही नसते. विचार करत बसला तर बॉल निघून जातो. कोचला मात्र ते शब्दांतच आणावं लागतं, आणि तेही बारा वर्षांच्या मुलाला पेलेल अशा शब्दांत.

यात स्ट्रायकरची अडचण इतरांपेक्षा थोडी जास्त असते, असं मला वाटतं. मैदानाच्या मध्यावर खेळणाऱ्याला चारी बाजूंना बघावंच लागतं. गोलरक्षकाला सगळा खेळ समोर दिसतो, म्हणून तो नव्वद मिनिटं ओरडून सूचना देत असतो. तुमच्या मागे तुमचे चार बचावपटू एकमेकांपासून किती अंतर ठेवून उभे होते, हे तुम्ही किती वेळा पाहिलंत? प्रामाणिक उत्तर ‘फारसं नाही’ असंच असेल. त्यात दोष काही नाही, ते तुमचं काम नव्हतं. आता होणार आहे.

वडिलांचा मागाचा टोमणा तुम्हाला लागला, हे पत्रातून कळतं. पण त्यांच्याकडे एक गोष्ट नक्की विचारा. माग चालू असताना नुसत्या आवाजावरून त्यांना बिघाड कळत असणार. नवा कामगार आला की तो आवाज ओळखायला ते त्याला कसं शिकवतात? पहिल्या दिवशी काय सांगतात, काय मुद्दाम सांगत नाहीत, किती दिवस नुसतं शेजारी उभं करतात? माझी खात्री आहे की त्या शिबिरात तुम्हाला जे जमलं नाही, ते तुमच्या घरात एक माणूस वर्षानुवर्षं करत आला आहे.

आता प्रत्यक्ष करण्यासारखं काही. तुमच्या जुन्या सामन्यांची जी काही चित्रफीत असेल, अगदी कुणी मोबाइलवर घेतलेली, ती काढा. प्रत्येक गोलच्या आधीचे पाच सेकंद बघा, थांबवा, आणि त्या क्षणी तुम्ही कुठे बघत होतात ते वहीत एका वाक्यात लिहा. बॉल पायाशी आल्यानंतरचं काही लिहायचं नाही. आठवडाभरात वही भरेल, आणि त्यातलं एकेक वाक्य म्हणजे एकेका दिवसाचा सराव. उदाहरणार्थ ‘मागे वळून बघितलं’ हे वाक्य घ्या. एक मुलगा बॉल पास करतो, दुसरा घेतो, आणि घेणाऱ्याच्या पाठीमागे तुम्ही हाताची बोटं वर करून उभे. बॉल पायाशी येण्याआधी त्याने मान वळवून किती बोटं आहेत ते ओरडून सांगायचं. आकडा चुकला तर पास धरायचा नाही. सोलापुरात पोरं तो आकडा मराठीत सांगतील, तेलुगूत सांगतील, कन्नडमध्ये नाहीतर उर्दूत. सगळ्या भाषांत धरा. पंधरा मिनिटांत त्यांना वळून बघायची सवय लागायला सुरुवात होते, आणि तुम्हाला ओरडावं लागत नाही, कारण ओरडायचं काम त्यांच्याकडे असतं.

शिबिर सोडून गेलेल्या त्या दोन मुलांच्या घरी एकदा जाऊन या. प्रशिक्षक म्हणून नाही जमलं तर शेजारी म्हणून जा. चहा घ्या, मुलांशी दोन शब्द बोला. ती परत येतील, न येतील.

‘इतके गोल केलेल्या माणसाने’ हे शब्द तुम्ही पत्रात तीनदा लिहिले आहेत, मी सारांशात एकदाच ठेवले. त्यामागे एक समजूत आहे: खेळाडू म्हणून जी पायरी गाठली, तिथूनच कोच म्हणून सुरुवात व्हायला हवी. ही समजूत तुमच्या एकट्याची नाही. फुटबॉलच्या मोठमोठ्या क्लबांनीही ती बाळगली आणि त्यासाठी पैसे मोजले.

इटलीच्या इन्झागी बंधूंचं उदाहरण मला इथे सगळ्यात उपयोगी वाटतं. दोघेही फॉरवर्ड. थोरला फिलिपो जगप्रसिद्ध: २००६ च्या विश्वविजेत्या संघात होता, २००७ च्या चॅम्पियन्स लीगच्या (युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा) अंतिम सामन्यात एसी मिलानचे दोन्ही गोल त्याचे. धाकटा सिमोने चांगला खेळाडू होता, पण आयुष्यभर ‘फिलिपोचा भाऊ’ म्हणून ओळखला गेला. फिलिपोने २०१२ मध्ये खेळ सोडला, दोन वर्षं मिलानच्या युवा संघांना शिकवलं आणि २०१४ मध्ये थेट मुख्य संघ हातात आला. त्या हंगामात मिलान दहाव्या क्रमांकावर राहिला आणि त्याला जावं लागलं. सिमोनेने २०१० मध्ये खेळ सोडल्यावर लाझिओ या क्लबच्या लहान मुलांचा संघ घेतला, मग त्याहून मोठ्या मुलांचा. सहा वर्षं तो त्यातच होता. २०१६ मध्ये मुख्य संघ मिळाला, पुढे इंटर मिलानला त्याने २०२३-२४ चं इटालियन विजेतेपद मिळवून दिलं आणि दोनदा चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं. घर एक, खेळायची जागा एक. फरक कशाने पडला हे ठामपणे कुणी सांगू नये, पण ती सहा वर्षं मला दुर्लक्ष करण्यासारखी वाटत नाहीत. थोरल्याची गोष्ट तिथे संपली नाही, हेही तुमच्या कामाचं आहे. तो तिसऱ्या श्रेणीतल्या व्हेनेझियाकडे गेला, त्यांना वरच्या श्रेणीत नेलं, नंतर बेनेव्हेन्तोला इटलीच्या पहिल्या श्रेणीत पोहोचवलं. म्हणजे खालच्या पायरीवरचं शिकणं त्यालाही चुकलं नाही, फक्त ते नंतर आणि जास्त लोकांच्या डोळ्यांदेखत करावं लागलं.

अ‍ॅलन शिअररचं तर थोडक्यात आटोपतं. इंग्लिश प्रीमियर लीगमध्ये सर्वाधिक, २६० गोल. २००९ मध्ये न्यूकॅसलने संकटात असताना त्याला बोलावलं. आठ सामने, एक विजय, संघ खालच्या श्रेणीत. त्यानंतर तो कुठल्याच संघाचा मॅनेजर झाला नाही.

यावरून ‘मोठा खेळाडू कोच होऊच शकत नाही’ असा नियम मात्र काढू नका. आपल्याकडे पी. के. बॅनर्जी होते. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये भारताचे कर्णधार, फ्रान्सविरुद्ध बरोबरी साधणाऱ्या सामन्यातला गोल त्यांचा, १९६२ च्या आशियाई सुवर्णपदकाच्या संघात ते होते. पुढे ईस्ट बंगाल आणि मोहन बागान या दोन्ही क्लबांचे प्रशिक्षक म्हणून त्यांची कारकीर्द खेळाडूपणाइतकीच मोठी ठरली. सुभाष भौमिकही फॉरवर्डच. १९७० च्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक जिंकणाऱ्या संघात ते होते, आणि २००३ मध्ये त्यांच्याच मार्गदर्शनाखाली ईस्ट बंगालने जकार्तामध्ये आसियान क्लब स्पर्धा जिंकली. खेळातलं मोठेपण आड येत नाही. आड येते ती ‘मला आता काय शिकायचंय’ ही भावना.

मानधन किरकोळ आहे म्हणून शाळेला नकार द्यावा, असं तुम्हाला वाटतं. त्यावर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांच्याकडे बघा. तेही स्ट्रायकर. १९६५-६६ च्या हंगामात स्कॉटिश लीगमध्ये ३१ गोल करणारा हा माणूस १९७४ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ईस्ट स्टर्लिंगशर नावाच्या छोट्याशा क्लबचा मॅनेजर झाला. काम अर्धवेळ होतं. हजर झाले तेव्हा क्लबकडे गोलरक्षकच नव्हता. आयुष्यभर गोलरक्षकाला चकवण्यात घालवलेल्या माणसाची पहिली कामगिरी म्हणजे गोलरक्षक शोधून आणणं! आणि त्या सत्तरच्या दशकात घर चालावं म्हणून ते ग्लासगोत पबही चालवत होते. मँचेस्टर युनायटेड १९८६ मध्ये आलं, बारा वर्षांनी.

तुमचं वय तेहतीस आहे, एवढंच नोंदवते.

आता एक अवघड प्रश्न. तुम्हाला शिकवायचं आहे, की मैदान सोडवत नाही? दोन्हींत फरक आहे, आणि दुसरं असण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. चौदा वर्षं सकाळी उठल्यावर कुठे जायचं हे ठरलेलं होतं. ते एका दिवसात गेलं, तेही तुमच्या मर्जीविरुद्ध. अशा वेळी माणूस जे दार उघडं दिसेल त्यातून आत परतायला बघतो. पण शिकवण्यातला आनंद वेगळ्या जातीचा असतो. गोल दुसराच करतो, नाव त्याचं होतं. हरल्यावर बोलणी तुम्ही खाता. पारखून बघायचं असेल तर चौदा वर्षांखालच्या मुलांचा एखादा सामना बघायला जा आणि बॉलला पाय न लावता, कुणाला काही न सांगता शेवटपर्यंत बसा. ‘मी असतो तर मारला असता’ हेच डोक्यात फिरत राहिलं, तर थोडं थांबा. अजून खेळाडू गेलेला नाही. ‘त्या डावीकडच्या पोराला उजवा पाय वापरायला कोण शिकवेल’ असं वाटू लागलं, तर पुढे जा. हे दुःख महिनोन्‌महिने उतरत नसेल, झोप उडाली असेल, घरात चिडचिड वाढली असेल, तर समुपदेशकाकडे जायला मागेपुढे पाहू नका. गुडघ्यासाठी फिजिओकडे जाताना तुम्ही कधी संकोच केला नसेल.

घराबद्दल. तुमच्या पत्रात वडील काय म्हणतात ते आहे, मेहुणे काय म्हणतात ते आहे, डॉक्टर, शाळेचे मुख्याध्यापक, पुण्याचे लोक, सगळे बोलतात. पत्नीचं एकही वाक्य नाही. घर तिच्या पगारावर चालतं आणि भांडवल देऊ करणारा तिचा भाऊ आहे. म्हणजे अकादमी बुडाली तर मधल्यामध्ये अडकणारी व्यक्ती तीच. महिनाअखेरीस सगळ्यांना उत्तर देण्याआधी तिला एक प्रश्न विचारा: अजून किती काळ असं चालवता येईल? ती ‘एक वर्ष’ म्हणाली तर तुमची योजना एका वर्षाची. तिच्या रात्रपाळ्या आणि तुमचा संध्याकाळचा सराव एकाच वेळी आले तर मुलीकडे कोण बघणार, हेही त्याच बैठकीत ठरवा. कोचच्या घरातली निम्मी भांडणं संध्याकाळी पाच ते आठ या वेळेवरून होतात.

मेहुण्यांच्या प्रस्तावाचा हिशेब आपण एकदा कागदावर करू. आकडे निव्वळ उदाहरणासाठी आहेत, तुमचे तुम्ही भरा. समजा तीस मुलं आली आणि महिन्याला प्रत्येकी हजार रुपये फी घेतली: ३०,००० रुपये. टर्फचं भाडं तासाला ७०० धरा, रोज दीड तास, महिन्याला वीस दिवस: २१,०००. उरले ९,०००. त्यातून बॉल, बिब, कोन, प्रथमोपचाराची पेटी, एका मदतनिसाचे पैसे. आता यात सोलापूरचं वर्ष बसवा. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, दुपारी चारला टर्फवर मुलाला उभं करणं म्हणजे गुन्हा. फेब्रुवारी-मार्च परीक्षांचे. गड्ड्याच्या जत्रेत आणि दिवाळीत मैदानावर चिटपाखरू नसतं. फी बारा महिने येत नाही, भाड्याचा करार मात्र बहुधा बारा महिन्यांचा असतो. तीसऐवजी साठ मुलं आली तर गणित बदलतं, हे खरं. पण साठ मुलं एका माणसाने शिकवता येत नाहीत, आणि तुम्हाला तर सध्या दहा सांभाळणं जड गेलं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: अकादमी आत्ता नको. मेहुण्यांना ‘दोन वर्षांनी बोलू’ असं सांगा आणि मनापासून आभार माना. तरीही काढायचीच ठरली तर ते पैसे उसने की भागीदारी, तोटा कुणाचा, तुमचं नाव फलकावर असेल तर निर्णय कुणाचे, हे लिहून सह्या करा. नात्यात कागद कशाला, असं म्हणणारे नंतर नात्यालाच मुकतात.

पुण्याबद्दल मला एकच गोष्ट महत्त्वाची वाटते: तिथे तुमच्या वर कोण आहे? मुख्य प्रशिक्षकाकडे वरच्या श्रेणीचं लायसन्स असेल, तो सरावाचा आराखडा लिहून काढत असेल आणि तुम्हाला त्याच्या शेजारी उभं राहून प्रश्न विचारता येणार असतील, तर कमी पगारातही तो सौदा चांगला. पण काही ठिकाणी सहायक म्हणजे कोन मांडणारा आणि पालकांना फीची आठवण करून देणारा माणूस असतो. होकार देण्याआधी चार दिवस जाऊन नुसतं बघा. हुतात्मा एक्सप्रेसने जाऊन यायला काही फार लागत नाही.

शाळेकडे माझा कल आहे, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. तिथे तुमचा स्वतःचा संघ असेल, लहान का होईना. मुलं रोज येतील, तीच येतील, आणि वर्षभरात कोण किती सुधारलं हे दिसेल. हरलात तर वर्तमानपत्रात येणार नाही. मात्र जाण्याआधी काही गोष्टी लेखी घ्या. नेमणूक किती महिन्यांची, सुट्टीचं मानधन मिळणार का, बॉल किती मिळतील, मैदान आठवड्यातून किती दिवस नक्की तुमचं. लहान मुलांसाठी बॉलचा आकारही विचारा. बारा वर्षांपर्यंत चार नंबरचा बॉल पुरे, पाच नंबरचा त्यांच्या पायाला जड होतो. बहुतेक शाळांच्या कपाटात पाच नंबरचेच असतात. मुलांसोबत काम करताना पोक्सो, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा, काय सांगतो ते एकदा वाचा. एकट्या मुलाला एकटं भेटायचं नाही, पालकांना कळल्याशिवाय बाहेरगावी न्यायचं नाही, हे नियम पहिल्या दिवसापासून पाळा. ते मुलांना सांभाळतात आणि तुम्हालाही.

मानधनावरचा प्रशिक्षक आणि कायम क्रीडा शिक्षक या दोन वेगळ्या वाटा आहेत. दुसऱ्या वाटेला पदवी आणि त्यावर बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणातली पदवी) लागतं. कॉलेज दुसऱ्या वर्षी सुटल्याचं तुम्ही लिहिलंय. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी पूर्ण करता येईल. घाईने नको, पण विचारात असू द्या, कारण निवृत्तीपर्यंतचा पगार त्या वाटेवर आहे.

फुटबॉल प्रशिक्षणाची शिडी मात्र सगळ्यांना सारखी. आपल्याकडे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं ‘डी’ लायसन्स, मग ‘सी’, ‘बी’, ‘ए’ आणि सगळ्यात वर ‘प्रो’. महाराष्ट्रात ‘डी’चे वर्ग वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन म्हणजे विफा घेते. काही दिवसांचा निवासी वर्ग असतो, प्रत्यक्ष सराव घेऊन दाखवावा लागतो. एका पायरीवरून दुसरीवर जाताना मधल्या काळात संघासोबत काम केल्याचा अनुभव मागतात. शाळेचं किरकोळ वाटणारं काम इथे उपयोगी पडतं. ‘डी’ला अर्ज आजच करा. तिथे तुमच्या शेजारी बावीस वर्षांची पोरं बसतील, त्यातलं कुणी तुमच्यापेक्षा छान सराव घेईल. त्याच्याशी मैत्री करा.

वडिलांना काय सांगायचं? कोचचा दिवस मधोमध पोकळ असतो. सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी पाच ते सात एवढं मैदान, मधले नऊ तास रिकामे. त्यातले तीन-चार तास कारखान्याचा हिशेब, ऑर्डरी, माल पाठवणं बघा, आणि त्याचा ठरावीक पगार घ्या. फुकट नको, फुकट केलेल्या कामाचे दोन्ही बाजूंनी टोमणे निघतात. वडिलांना वाटतं मुलगा आला, तुमच्या हातात थोडे पैसे येतात, आणि पत्नीवरचं ओझं हलकं होतं. वर्षभराने त्यांनाच विचारा, चालतंय का. पी. के. बॅनर्जी ईस्टर्न रेल्वेची नोकरी करत रेल्वेच्याच संघाकडून खेळत मोठे झाले. दोन डगरींवर पाय नको हे खरं, पण दोन पायांनी दोन कामं पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू करत आले आहेत.

राहिलं सोलापूरचं भविष्य. व्यावसायिक क्लबचं विचारत असाल तर तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झालं, मुंबई एफसी २०१७ मध्ये, एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये. २०२५ मध्ये तर देशातल्या सर्वोच्च लीगचाच, इंडियन सुपर लीगचा (आयएसएल), हंगाम रखडला आणि देशातले नामांकित खेळाडू घरी बसले. मुंबई-पुण्यातही जी गोष्ट टिकली नाही, ती सोलापुरात नाही म्हणून हळहळण्यात अर्थ नाही. पण खेळाडूचं भविष्य आणि कोचचं भविष्य एकच नसतं. खेळाडूला क्लब लागतो, कोचला मुलं लागतात. मुलं तर इथे गल्लीगल्लीत आहेत, ‘बॉल दे की बे’ म्हणून भांडत. शालेय स्पर्धा तालुक्यापासून राज्यापर्यंत होतात. सुब्रतो कपसारखी स्पर्धा १९६० पासून शाळांसाठीच चालू आहे. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत, शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पालक तुम्हाला हेच विचारणार, त्यामुळे कोणत्या पातळीवरच्या प्रमाणपत्राला काय मिळतं, हे जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून नीट समजून घ्या आणि तेवढंच सांगा. ‘तुमचा मुलगा आयएसएल खेळेल’ असं कुणाच्याही आईला सांगू नका.

एकदा कोल्हापूरला जाऊन या. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींच्या नावाचे संघ, शाहू स्टेडियममधली गर्दी, पेठापेठांची ईर्ष्या. तिथला फुटबॉल कुठल्या आयएसएलच्या क्लबने उभा केला नाही, पेठांनी केला. तिथूनच आलेला अनिकेत जाधव, तोही फॉरवर्ड, २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. सोलापूरला तालमींची ती परंपरा फुटबॉलमध्ये नाही, आणि दोन-चार वर्षांत येणारही नाही. पण दहा-बारा शाळांची एक साखळी स्पर्धा उभी राहू शकते. शनिवार सकाळ, पाच-पाच मुलांचे छोटे सामने, ट्रॉफी नसली तरी चालेल. ते काम करायला एक माणूस लागतो ज्याने खरा फुटबॉल पाहिलाय.

तुमच्यासारखी पत्रं मला कबड्डीपटूंची येतात, एका धावपटू मुलीचंही आलं होतं. त्या सगळ्यांनी यातलं आपल्या उपयोगाचं घ्यावं: खेळ सोडल्यावर पहिल्या वर्षात भांडवल गुंतवू नका, शिकवण्याचं पहिलं काम तुमच्या नावापेक्षा लहान असू द्या, आणि दिवसाच्या रिकाम्या तासांत कमाईचं दुसरं साधन धरून ठेवा. खेळ बदलला तरी एवढं बदलत नाही.

महिनाअखेरीची मुदत तुम्हीच स्वतःला घातलेली दिसते. शाळेला तेवढं वेळेत कळवा, नव्या वर्षाची जुळवाजुळव त्यांनाही करायची असते. पुण्याला पंधरा दिवस मागून घ्या.

पत्राच्या तळाशी, सही झाल्यावर, तुम्ही बारीक अक्षरात विचारलंय की गावातल्या हौशी स्पर्धेत मित्र बोलावतायत, खेळू का? आधी गुडघा डॉक्टरांना दाखवा; लिगामेंट दोनदा फाटलेल्या माणसाने हे विचारल्याशिवाय बूट चढवायचे नाहीत. त्यांनी हो म्हटलं तर जरूर खेळा. फक्त मित्रांना सांगून ठेवा की या वेळी फॉरवर्डला दुसऱ्या कुणाला तरी घ्या, मला सेंटर बॅकला, बचावफळीच्या मधोमध, उभं करा.